मिरजेला निघालेल्यांचं केळवण

माझ्या नवऱ्याने आयुष्यभर वाईट दिवसांची वाट पाहिली. इतर नवरे बढतीची बघतात, बोनसची बघतात. हा वाईट दिवसांची. आमच्या कांदिवलीच्या घरात माळ्यावर मेणबत्त्या होत्या, काड्यापेट्या होत्या, पाणी गेलं तर म्हणून चार कॅन होते आणि कॅन गळले तर म्हणून आणखी दोन. लग्नाच्या एका वाढदिवसाला त्याने मला रॉकेलचा स्टोव्ह दिला. "गॅस मिळेनासा झाला तर?" असं म्हणताना त्याच्या डोळ्यांत इतकं प्रेम होतं, की मी तो ठेवून घेतला. रॉकेल तेव्हाही मिळत नव्हतं.

त्यामुळे त्याच्या मरोळच्या कारखान्याने मुंबई सोडायची ठरवली आणि जुन्या लोकांना हिशेब घेऊन घरी जायला सांगितलं, तेव्हा तो खचून घरी येईल अशी माझी समजूत होती. मला आधीच फोनवर कळलं होतं. शाळेपासून गणपतीतल्या नाटकांत कामं केल्यामुळे प्रसंगाला शोभेल असा चेहरा मला करता येतो. मी दारात उभी राहिले. एक हात चौकटीवर, दुसरा छातीशी, आणि ओठांवर तयार वाक्य, 'मी आहे ना.'

तो आला, बूट न काढता आत शिरला आणि म्हणाला, "आले!"

"कोण आले?"

"वाईट दिवस! इतकी वर्षं हसत होतीस ना मला? आले की नाही?"

लॉटरी लागलेला माणूसही इतका तेजस्वी दिसत नसेल. माझं वाक्य तोंडातच राहिलं.

त्याची योजना तयारच होती. घर भाड्याने द्यायचं, स्वस्त गावात जाऊन राहायचं, आणि इथल्या भाड्यावर तिथे जगायचं. मुलगी लग्न होऊन हैदराबादला गेलेली, त्यामुळे विचारायचं कुणाला नव्हतं. त्याच्या गावच्या घरात चुलत भाऊ आणि त्यांचे कोर्टातले खटले राहत होते, आणखी माणसाला जागा नव्हती. माझं गाव म्हणजे गिरगाव. तेव्हा त्याने नकाशावर बोट ठेवलं, मिरज.

मिरजेत आमचं कुणी नाही. पण एकदा कोल्हापूरहून लग्न आटोपून येताना ह्याला गाडीत मूतखड्याची कळ आली होती आणि आम्ही मिरज स्टेशनावर उतरून तिथल्या दवाखान्यात राहिलो होतो. लोक महाबळेश्वर आठवून हळवे होतात, हा तो वॉर्ड आठवून होतो. "स्टेशनाबाहेर पडलं की डावीकडे डॉक्टर, उजवीकडे डॉक्टर. म्हातारपणी माणसाला आणखी काय लागतं गं?"

आम्ही जाऊन घर पाहिलं. तळमजल्यावर दोन खोल्या, पुढे अंगण, अंगणात लिंबाचं झाड, मागच्या बाजूला घरमालकीण. भाडं आमच्या कांदिवलीच्या मेंटेनन्सएवढं. ऐकल्यावर मी अंगणात एक गिरकी घेतली. माझ्या आकाराच्या बाईने घेतलेली गिरकी घरमालकिणीने बहुधा पहिल्यांदाच पाहिली असावी. ती दोन पावलं मागे सरकली.

"ताई, घर राखून ठेवते बघा," ती म्हणाली. "पण दसऱ्यापर्यंतच. दवाखान्यातल्या नर्सबाई रोज विचारायला येत्यात. दसऱ्याला किल्ली घ्यायला तुम्ही आला न्हाई, तर त्यांना देणार. मग मला काय म्हनायचं न्हाई."

इथे कांदिवलीत एक नवं लग्न झालेलं जोडपं आमचं घर घ्यायला तयार होतं, तेही दसऱ्यालाच. सगळं झकास जमलं होतं. आषाढ चालू होता, दसरा लांब होता. आता फक्त सामान बांधायचं आणि निघायचं.

आणि मग मी तळमजल्यावरच्या आजींशी बोलले.

मालवणकडच्या ह्या आजी दारात खुर्ची टाकून बसतात. त्यांना न सांगता आमच्या बिल्डिंगमध्ये कुरिअरसुद्धा वर जात नाही.

"काय गो, चललंस म्हणे मिरजेक?"

"हो आजी."

"थंय कोण आसा तुमचा?"

"डॉक्टर."

"नात्यातलो?"

"नाही हो, सगळेच."

आजी विचारात पडल्या. "म्हणजे लगीन होऊन चललेल्या चेडवासारखीच तू. वळखीचा कोण नाय, बोलणा वेगळा. मगे केळवण करूक होया तुजा! उद्या दोघांनी माझ्याकडे जेवूक येवा."

पन्नाशी ओलांडलेल्या, बोहल्याऐवजी टेम्पोवर चढायला निघालेल्या जोडप्याचं केळवण! मला इतकं हसू आलं की मी हो म्हटलं. जेवलो. आजींनी पाटाभोवती रांगोळी काढली होती, माझी ओटी भरली, नवऱ्याला टोपी दिली. हे सगळं मी दुसऱ्या दिवशी नकलांसकट सगळ्या मजल्यांवर सांगत फिरले. हीच ती चूक.

कारण संध्याकाळीच शेजारीण दारात उभी. "आजींकडे जेवलात, आमच्याकडे काय विष देतात काय गं?"

मग तिच्याकडे. मग तिच्या समोरच्यांकडे. आमच्याकडे एकाकडे जेवून दुसऱ्याकडे नाही जेवलं तर पुढे सात पिढ्या लक्षात ठेवतात. अकोल्याकडच्या कुटुंबाचा कर्ता मला म्हणाला, "आमच्यात केळवण-बिळवण नाही वहिनी. पण जेवण तर आहे ना? नाव तुम्ही काय द्यायचं ते द्या." त्यांनी पाटवडीचा रस्सा केला. पहिल्या घासाला माझ्या नवऱ्याच्या डोळ्यांतून धारा लागल्या. त्यांना वाटलं, बिल्डिंग सुटणार म्हणून रडतोय. त्या घरातली बाईही रडायला लागली, मग कर्ताही डोळे पुसायला लागला, आणि मी मधोमध बसून पाणी मागत होते ते कुणाच्या लक्षातच येईना.

वर प्रत्येक घरातून आहेर. संसार आटोपता करायला निघालेल्या आम्हाला तीन भिंतीवरची घड्याळं मिळाली, एक कुकर, एक डिनर सेट आणि एक समई, जी उचलायला दोन माणसं लागत. मी एक खोकं रिकामं केलं की शेजारपाजारचे दोन भरत. नवरा मात्र खूश होता. "बघ, खर्चही वाचतोय," तो मला हळूच म्हणायचा. वाईट दिवस आल्यापासून आम्ही इतके चांगले कधीच जेवलो नव्हतो.

अडलं ते पहिल्या मजल्यावर. तिथलं कुटुंब देवगडकडचं. मी लाजतबिजत सुचवलं, "तुमचं कधी?"

"आता?" तिथली बाई किंचाळली. "अगं, श्रावण लागला! श्रावणात केळवण करून तुम्हाला काय दुधी घालू? आमच्या घरातून माणूस माशाशिवाय जाणार?"

श्रावण संपला तसे ते गणपतीला गावी गेले. घरमालकिणीचा फोन आला, "काय ओ ताई, येताय न्हवं?" मी म्हटलं, येतोय हो, एक सुरमई राहिली आहे. गौरी-गणपती पोचवून देवगडकर परतले, आणि पितृपक्ष लागायच्या आत एका दुपारी आम्ही ती सुरमई खाल्ली. काय खाल्ली! ती खाताना मला मिरज विसरायला झालं.

आता एकच घर उरलं होतं, आमच्या डोक्यावरचं.

तिथे बाई राहतात. मराठी शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या, एकट्या. त्यांच्या न्हाणीघरातलं पाणी आमच्या स्वयंपाकघराच्या छतातून गळायचं, त्यावरून एकदा कडाक्याचं भांडण झालं आणि तेव्हापासून आमचं बोलणं बंद, टोमणे चालू. मी खिडकीतून वर तोंड करून म्हणायची, "आज पोळ्यांना पाणी वेगळं घ्यायला नको, वरून येतंय!" त्या वरून म्हणायच्या, "काहींना फुकटचं पाणीही गोड लागत नाही!" अशी बाई आम्हाला कशाला जेवायला बोलावेल?

मी म्हटलं, जाऊ दे, बाकी सगळ्यांकडे झालं ना? निघू. पण नवऱ्याने जाऊन आजींना विचारलं. आजी म्हणाल्या, "एक घर ऱ्हवला तर थंय घास गोड लागूचो नाय."

झालं! चांगलं भविष्य कुणी सांगितलं तर हा पुरावा मागतो. वाईट सांगितलं की ताबडतोब विश्वास. "आपण मुद्दाम स्वस्तात जेवायला तिकडे चाललोय," तो म्हणाला, "आणि घासच गोड लागणार नसेल तर उपयोग काय?" मी हसले, रागावले, रुसले, स्वयंपाकघरातून प्रेक्षकांना दिसेल असं कपाळ बडवून घेतलं. तो हलेना. पितृपक्षात कोण केळवण करणार म्हणून पंधरवडा गेला. घट बसले. मिरजेहून फोन, "नर्सबाई ट्रंक घिऊन बसल्यात बघा."

आता मात्र माझं हसणं आटलं. ते घर गेलं तर त्या भाड्यात दुसरं मिळणार नव्हतं. इथे जोडप्याने आगाऊ रक्कम दिली होती, ती परत करावी लागली असती. आणि मग आम्ही दोघं ह्याच चार भिंतींत बसून साठवलेलं कुरतडत राहिलो असतो, वाईट दिवस खरोखरच आलेले बघत. माझ्या नवऱ्याला वाईट दिवसांची तयारी करायला आवडते, ते जगायला आवडणार नाहीत, हे मला ठाऊक होतं. त्याला नव्हतं.

मी वर गेले आणि बेल दाबली. बाईंनी आतलं दार उघडलं, जाळीचं बंदच ठेवलं.

"काय?"

"आमचं केळवण."

"त्याचं काय?"

"राहिलंय."

"मग?"

"मग काय? करा की! दसरा तोंडावर आलाय. अहो, पक्वान्नं नकोत. पोहे द्या, वरणभात द्या, उपास असेल तर भगर द्या. माझ्या नवऱ्याला तुमच्या घरचा एक घास पाहिजे. त्याशिवाय तो हलत नाही."

"म्हणूनच नाही देणार."

मला वाटलं, जुना राग. मी तोंड उघडणार तेवढ्यात त्या म्हणाल्या, "सगळ्या बिल्डिंगने तुम्हाला खाऊ घालून घालून बाहेर काढलं. एक तरी माणूस म्हणाला का, की जाऊ नका? मी तेवढी बोलावत नव्हते. मी बोलावलं की तुम्ही गेलात."

प्रसंगाला शोभेल असा चेहरा करायला गेले, तर एकही सापडेना.

"पण तुम्ही तर माझ्याशी बोलतसुद्धा नव्हता!"

"बोलत नव्हते, ऐकत होते की. तू सकाळपासून नवऱ्याला ओरडतेस, कुकरला ओरडतेस, सोसायटीच्या त्या सेक्रेटरीच्या नकला करतेस. माझा दिवस त्यावर जातो. आता ते नवीन जोडपं येणार. ती दोघं काय बोलणार? कानात वायरी घालून बसतील."

आम्ही दोघी जाळीच्या दोन बाजूंना उभ्या राहिलो.

"हौस म्हणून नाही जात हो बाई," मी म्हटलं. "इथलं भाडं आलं तरच आमचं भागणार आहे."

"कळतं मला. गणित शिकवायचे मी." आणि त्यांनी दार लावून घेतलं.

खाली येऊन मी नवऱ्याला सांगितलं, "नाही म्हणाली." का, ते नाही सांगितलं. सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, मग राहूया. तो बांधलेल्या गादीवर बसला आणि स्टेशनमास्तरसारखा रिकाम्या घराकडे बघत राहिला.

मी टेम्पो तरीही सांगून ठेवला. दसऱ्याच्या सकाळी तो आला, तोंडावर झेंडूचं तोरण बांधून, नवरदेवाच्या घोड्यासारखा. सामान चढलं. तिन्ही घड्याळं चढली. समई चढवताना टेम्पोवाला मला काय म्हणाला ते मी लिहीत नाही. सगळी बिल्डिंग खाली उतरली. आजी खुर्चीसकट गेटाशी. फक्त नवरा जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभा.

"चल रे."

"राहिलंय ना."

"अरे, नर्स ट्रंक घेऊन बसली आहे!"

"घास गोड नाही लागला तर काय करायचं तिथे?"

तेवढ्यात त्याच्या मागून बाई उतरल्या, हातात डबा. बाईंनी डबा माझ्या हातात दिला.

"दशम्या आहेत. वाटेत खा."

देवगडकरीण आनंदाने ओरडली, "झालं! झालं केळवण! चला, बसा गाडीत!"

"कसला झाला?" आजी खुर्चीतून कडाडल्या. "घरात पाटार बसान जेवलो तर केळवण. ह्या गाडयेतला. धरूचा नाय."

"आजी, अन्न त्यांच्याच घरचं आहे ना?" अकोलेकर.

"रांगोळी खंय आसा? ओटी खंय आसा?"

"डब्याभोवती काढू का रांगोळी?" कुणीतरी मागून म्हणालं. टेम्पोवाल्याने हॉर्न दिला. सेक्रेटरी म्हणाला, हा विषय खरं तर सभेत यायला हवा होता. अर्धी बिल्डिंग डब्याच्या बाजूने, अर्धी पाटाच्या बाजूने, आणि मी मध्ये डबा धरून, कधी इकडे बघत, कधी तिकडे. इतका भरलेला प्रयोग मी उभ्या आयुष्यात केला नव्हता.

शेवटी नवऱ्यानेच बाईंना विचारलं, "बाई, तुम्ही सांगा. हे केळवण आहे का?"

"नाही," बाई म्हणाल्या. "केळवण मी केलेलं नाही. तुमचं माझ्याकडचं जेवण राहिलंय."

"मग आम्हाला तिथे गोड नाही लागलं तर?"

"तर परत या आणि जेवा. मी कुठे जातेय?"

नवरा विचारात पडला. मी त्याचा चेहरा बघत होते. तीस वर्षं बघतेय, त्यावर उजेड कुठून सुरू होतो ते मला माहीत आहे. आधी कपाळ, मग भुवया.

"म्हणजे," तो सावकाश म्हणाला, "मिरजेचं नाहीच जमलं, तर इथे एक जेवण राखून ठेवलेलं आहे."

"आहे."

"खराब होणार नाही?"

"जेवण नाही होणार. मी झाले तर सांगता येत नाही, तेव्हा फार उशीर करू नका."

तो पायरीवरून उतरला, आजींच्या पाया पडला, बाईंच्या पाया पडला, त्या भरात सेक्रेटरीच्याही पडणार होता, मी आवरला. आणि टेम्पोत असा चढून बसला, की मलाच मागून पळत यावं लागलं.

केबिनमध्ये टेम्पोवाला, नवरा आणि मी, मांडीवर डबा. खंबाटकीचा घाट उतरल्यावर चहाला थांबलो आणि दशम्या सोडल्या. मऊ, दुधात भिजवलेल्या, मध्ये लोण्याचा गोळा. टेम्पोवाल्याने तीन खाल्ल्या. नवऱ्याने एक खाल्ली आणि बाकीच्या फडक्यात पुन्हा बांधायला लागला, पुढे रस्ता बंद असला तर म्हणून. मी फडकं ओढून घेतलं.

संध्याकाळी मिरजेत पोचलो. घरमालकीण गेटात उभी होती. तिने आधी आपट्याचं पान दिलं, मग किल्ली. "नर्सबाई आत्ताच रागानं गेल्या बघा," ती म्हणाली, आणि टेम्पोतून उतरणारी समई बघून, "ह्ये काय, देऊळ बांधताय व्हय?" म्हणाली. मग आम्हाला सामानाला हात लावू न देता मागच्या घरात नेऊन जेवायला बसवलं. भाकरी, वांग्याची भाजी, कांदा, आणि सणाचं म्हणून वाटीभर श्रीखंड.

नवऱ्याने पहिला घास तोंडात घातला. मी माझा घास हातातच धरून त्याच्याकडे बघत राहिले. तो चावत होता, छताकडे बघत होता, पुन्हा चावत होता. दुसरी भाकरी मागून घेतली. मग तिसरी.

हात धुऊन मी अंगणात आले आणि बाईंना फोन लावला. सोसायटीच्या ग्रुपवर त्यांचा नंबर होता, पण तोपर्यंत कधी लावला नव्हता.

"पोचलात?"

"पोचलो. किल्ली मिळाली."

"जेवण?"

"झालं."

"कसं लागलं?"

आत नवरा घरमालकिणीला विचारत होता, ह्या वांग्याचं बी कुठे मिळतं. मी आवाज पाडला, सुस्कारा टाकला, आणि आयुष्यातला सगळ्यात चांगला अभिनय करत म्हणाले, "नाही हो बाई. अजिबात गोड नाही लागलं."



"थापाडी," बाई म्हणाल्या. "काय केलं होतं?"

"वांगी."

"भरली?"

"नाही, रस्सा."

"हं. वांगी भरलीच करायची असतात," बाई म्हणाल्या, आणि कशी भरायची ते सांगायला लागल्या. मी लिंबाखालच्या कट्ट्यावर बसले आणि ऐकत राहिले.